न पाहिलेलं दूध

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही — ती तीन वर्षांपूर्वी गेली, हे न कळताच गेली. मुलाला नाही. देवासमोर हात जोडले तेव्हासुद्धा मी मोघमच बोललो : चुकलं असेल तर पोटात घाल. असेल! जसं काही मलाच ठाऊक नव्हतं.

आणि आता सांगायला बसलोय तर बघा, मला राहवतच नाहीये. कारण माझं तोंड ज्या गोष्टीनं उघडलं ती इतकी देखणी आहे, की आधी तीच सांगावी असं वाटतं. सांगू? सांगतोच. फक्त त्याआधी दोन ओळी लिहून ठेवतो, म्हणजे मी पुढे कितीही भरकटलो तरी तुम्ही विसरणार नाही. माझ्या वहिनींच्या हाताला शेचाळीस वर्षांपासून एक दोष लागलेला आहे — या हातानं सासूचा डोळा घालवला, असा. तो दोष खोटा आहे. आणि तो खोटा आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तर.

मी लातूरला राहतो. तीस-एकतीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं. या संक्रांतीपासून मला एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. सकाळी उठलो की सगळं धुरकट. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर आहे हे कळतं, आकडे कळत नाहीत. चष्मा पुसायचा, पुन्हा पुसायचा. आणि अकरा-बारा वाजले, की आपोआप साफ! मला वाटलं, थंडीचं धुकं असेल. पण चैत्र आला, लातूरच्या रस्त्यावरचं डांबर मऊ पडायला लागलं, आणि माझं धुकं आपलं रोज सकाळी हजर. शेवटी मुलगा हात धरून डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला.

तिथं एका काळोख्या खोलीत एक यंत्र होतं. स्पेक्युलर मायक्रोस्कोप. सूक्ष्मदर्शक म्हटल्यावर माझे कान टवकारलेच! यंत्रावर एक मुलगी होती, उदगीरकडची असावी बोलण्यावरून.

"काका, हनुवटी इथं ठिवा. हिरव्या दिव्याकडं बघा. हलू नका बरं."

"डोळ्याला काही लावणार का?"

"काई लावत न्हाई. नुसता फोटो हाय. अहो, हलू नका म्हणलं ना! लेकरं बरी तुमच्यापरीस."

एक उजेड चमकला आणि पडद्यावर माझा डोळा आला. म्हणजे डोळा नाही — डोळ्याच्या काळ्या भागावर जो पारदर्शक पडदा असतो, कॉर्निया, त्याचं अगदी आतलं अस्तर. मी उठून उभाच राहिलो. षटकोन! एकाला एक चिकटलेले, मोहोळासारखे. तीस वर्षं मी पोरांना कांद्याचा पापुद्रा दाखवला, गालाच्या आतली साल खरवडून दाखवली, पेशी म्हणजे काय ते फळ्यावर काढून काढून खडू झिजवले — आणि स्वतःच्या जिवंत पेशी, आत्ता या क्षणी काम करणाऱ्या, कधी पाहिल्या नव्हत्या. त्या पोरीला मी म्हटलं, पुन्हा काढ. ती हसली. "का हो काका, फ्रेम करून लावता का घरात?" मी म्हटलं, हाव, लावतो की! प्रिंट दे मला.

मग तिनं दुसऱ्यांदा फोटो काढला आणि मला नीट दिसलं. मोहोळात भोकं होती. काळी, गोल. काही एकटी, काही एकमेकांत मिसळून मोठी झालेली. मधोमध तर षटकोन शोधावे लागत होते. पोरीनं खुर्ची पडद्याजवळ ओढली. यंत्राला पेशी मोजता येईनात, म्हणून ती स्वतः एकेका पेशीवर खूण करत बसली.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं, आणि काय सुरेख सांगितलं! या पेशी म्हणजे पंप आहेत. कॉर्नियात मुरलेलं पाणी त्या रात्रंदिवस बाहेर टाकतात, म्हणून तो काचेसारखा राहतो. गेलेली पेशी पुन्हा येत नाही. पेशी कमी पडल्या की झोपेत, पापण्या मिटलेल्या असताना, पाणी साठतं आणि सकाळी धुकं दिसतं. डोळे उघडे राहिले, वारा लागला, की ते पाणी उडून जातं आणि दुपारी निवळतं. आजाराचं एक परदेशी नाव त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "हा बऱ्याचदा घराण्यात असतो. आई-वडिलांपैकी कुणाला असं होतं का?"

आणि मला मायचा आवाज ऐकू आला. अगदी कानाशी.

"सकाळच्या पारी कापसावानी दिसतंय बघ. दुपारून निवळतंय."

माय हे म्हणायची. ऑपरेशनच्या आधी म्हणायची! मोतीबिंदू असा सकाळी येऊन दुपारी जात नाही — हे आज मला कळतं. तेव्हा कुणालाच कळलं नाही. मोतीबिंदू होताच तिला, तो काढला आणि दोन महिन्यांत तो डोळा दुधी काचेसारखा पांढरा झाला. मी हे सांगितल्यावर डॉक्टर म्हणाले, ज्यांच्या पेशी अशा आधीच गेलेल्या असतात त्यांना ऑपरेशनचा धक्का सोसत नाही. त्या काळी हे बघायचं यंत्रही आपल्याकडे कुठलं असणार? म्हणाले, तुम्ही सांगता ते वर्णन याच आजाराचं आहे. तुमच्या नात्यातल्यांचे डोळे मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तपासून घ्या.

मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरलो तो अक्षरशः पळत. मुलगा मागून ओरडतोय, बाबा, चप्पल! मी सुटलो होतो हो! शेचाळीस वर्षांनी सुटलो होतो.

मी सुटलो? मी कसा काय अडकलेला होतो?

इथं आता मला मागं जावं लागेल.

आमचं गाव नायगावपासून जवळ. घरात माय, थोरला भाऊ म्हणजे दादा, वहिनी, त्यांची तान्ही पोर सुरेखा, आणि मी. मी नांदेडला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, हॉस्टेलवर. शनिवारी घरी यायचो. मायचं ऑपरेशन नांदेडलाच झालं. दिवसातून तीनदा डोळ्यात औषध घालायचं, आणि ते काम वहिनींचं. बावीस-तेवीस वर्षांची पोरगी ती तेव्हा. मांडीवर बाळ, तरी औषधाची वेळ चुकवायची नाही.

दोन महिन्यांनी डोळा पांढरा झाल्यावर आम्ही सगळे मायला घेऊन नांदेडला गेलो. तिथल्या जुन्या कंपाउंडरनं विचारलं, "डोळ्यात दुसरं काई घातलं का? गावाकडं बाळंतिणीचं दूध घालतेत."

ती रीत खरीच होती. डोळे आले की आमच्याकडे बायका आईचं दूध सोडायच्या डोळ्यात. सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं. त्यांच्या कडेवर सुरेखा होती.

"न्हाई," वहिनी म्हणाल्या. "म्या काईच घातलं न्हाई. जे बाटलीत हुतं तेच घातलं."

दादांना ते पटलं नाही. ते घरातल्या एका माणसाकडे वळले. शिकलेला माणूस, शास्त्र शिकणारा, खोटं कशाला बोलेल? म्हणाले, "तू दर शनिवारी घरी व्हतास. तू पाह्यलंस का काही?"

आणि तो माणूस म्हणाला, "हाव. पाह्यलं."

तो माणूस मी.

एक शब्द नाही, दोन शब्द. हाव, पाह्यलं. वहिनींनी माझ्याकडे बघितलं — राग नव्हता त्यात, त्यांना कळतच नव्हतं. लहान मूल पहिला फटका बसल्यावर रडायच्या आधी जसं बघतं, तसं. मी छताकडं बघायला लागलो.

दादांनी त्यांना मारलं नाही, माहेरी धाडलं नाही. शेजारीपाजारी म्हणायचे, केवढा मोठ्या मनाचा माणूस! पण मायच्या खोलीत जायची त्यांना बंदी झाली. मायनं दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलंच नाही. "हिचा हात लागंल," म्हणायची. नऊ वर्षं अशी काढली तिनं. आणि पुढे ते घरातून भावकीत गेलं, भावकीतून गावात. कुणाच्या बाळाला काजळ घालायचं, तर वहिनींना बोलवायचं नाही. त्या आल्या तर काजळाची डबी आपोआप सरकवायची. सुरेखाच्या पोटी पोर झाली, तेव्हा सख्ख्या आजीच्या हातात काजळ दिलं नाही — मी त्या बारशाला होतो. जिलेबी खाऊन आलो.

आता कळलं, मी पायऱ्या का उतरलो पळत?

दुसऱ्याच दिवशी नायगावची गाडी धरली. वहिनी आता सुरेखाकडे असतात, नायगावात. दादा गेले त्याला बारा वर्षं झाली. योगायोग असा, की सुरेखाची पोरगी बाळंतपणाला आलेली, आणि त्या दिवशी बाळाचं बारसं! घर बायकांनी भरलेलं. मी पोचलो तो दुपार झालेली, डोळे निवळलेले, आणि पिशवीत ती प्रिंट. मी पाळण्याशेजारी उभा राहून सगळ्यांना दाखवली. ही बघा माझ्या डोळ्यातली भोकं! हाच आजार मायला होता! बायका एकमेकींच्या खांद्यावरून वाकून बघायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "ह्ये तर अनारशावानी दिसून राह्यलं." सगळे हसले, मीही हसलो. मला तर व्याख्यान दिल्यासारखं चढलं होतं. पंप, पाणी, धुकं — सगळं सांगितलं. सुरेखाला म्हटलं, तूही तपासून घे. आणि मग मी म्हणालो — नीट वाचा हे, मी शब्द बदलत नाही —

"तेव्हा वहिनींनी दूध घातलं असंल-नसंल, त्यानं काही झालेलं नाही. डोळा आजारानं गेला. आता कुणी त्यांना बोल लावायचा नाही."

कळलं का तुम्हाला मी काय केलं? मी वहिनींना माफ केलं. सगळ्यांसमोर, मोठ्या मनानं — त्यांनी न केलेल्या गोष्टीबद्दल!

सुरेखाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती माझ्या पाया पडली. "काका, तुमी आईच्या माथ्यावरचं काढलंत." जावयानं आत जाऊन टॉवेल-टोपी आणली. मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, टोपी घातली. आणि मी ती घातली. घालून घेतली.

वहिनी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. सत्तरीच्या जवळ आल्यात आता. सगळा गलबला जरा खाली बसल्यावर त्या म्हणाल्या, कुणाला उद्देशून नाही, नुसतंच, "म्या दूध घातलंच नव्हतं."

"जाऊ दे ना आई," सुरेखा म्हणाली. "आता कोण काय म्हणून राह्यलंय? काकांनी सांगितलं ना, तेनं काई झालं न्हाई म्हणून."

"न्हाई, पण म्या घातलंच नव्हतं."

"बरं बाई, न्हाई घातलं! धर, बाळाला काजळ घाल तू. मान तुझा."

आणि डबी त्यांच्या पुढे केली. वहिनी उठल्या. डबीला हात न लावता त्या मोरीकडे गेल्या. साबण लावून हात धुतले, कोपरापर्यंत. पुसले. परत धुतले. बाळ रडायला लागलं, कुणीतरी म्हणालं, आजी, चला की, कितीक वेळ! त्यांनी तिसऱ्यांदा धुतले, आणि ओले हात वर धरून, पंजे उघडे करून, त्या पाळण्यापर्यंत आल्या. बायकांना दाखवत. "धुतलेत बरं का," म्हणाल्या. "बघून घ्या."

मी टोपी घालून पाटावर बसलो होतो.

आता उरलेलं सांगतो. पटकन सांगतो, नाहीतर पुन्हा सूक्ष्मदर्शकाचं कौतुक सुरू करीन. माझा स्वभावच तो आहे. आणि तिथूनच तर झालं सगळं.

ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या आठवड्यात औषध संपत आलं होतं. दादांनी निरोप धाडला होता : शनिवारी येताना दवाखान्यातून नवी बाटली घेऊन ये. ते औषध दवाखान्यातच मिळायचं, आणि शनिवारी खिडकी दुपारी बंद व्हायची. त्या शनिवारी कॉलेजात नवा सूक्ष्मदर्शक आला. खोक्यातून काढताना मी तिथंच होतो. सरांनी गोदावरीचं थेंबभर पाणी काचेवर ठेवलं — आणि त्या थेंबात काय काय पळत होतं! माझा नंबर आला, मग पुन्हा लावला, मग पुन्हा. खिडकी बंद झाली ते मला कळलंही नाही. कळलं तेव्हा वाईट वाटलं का? खरं सांगू — नाही. त्या थेंबानं मी इतका भरलेला होतो, की बसमध्ये शेजारच्या माणसालाही तेच सांगत होतो.

गावाचा फाटा दिसला तेव्हा काय सांगायचं ते जुळवायला लागलो. दादांचा राग मला माहीत होता.

घरात लग्नात शिंपडायचं गुलाबपाणी होतं. डोळ्याला गार असतं म्हणतात, हेही ऐकलेलं. दादा शेतात, वहिनी विहिरीवर. मी औषधाची रिकामी बाटली धुतली आणि त्यात गुलाबपाणी भरलं. वहिनी आल्यावर बाटली त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, "नवं औषध आहे, वास येतो जरा." त्यांनी हात पुसून ती घेतली. दिवसातून तीनदा, वेळ न चुकवता, पुढच्या शनिवारपर्यंत त्या तेच घालत होत्या. माय म्हणाली सुद्धा, "ह्ये औषिद लई गार हाय गं. बरं वाटतंय." मी पुढच्या शनिवारी खरी बाटली आणली आणि त्याबद्दल विसरूनही गेलो.

कंपाउंडरनं "दुसरं काही घातलं का" विचारलं, तेव्हा आठवलं. वहिनी म्हणाल्या, बाटलीत होतं तेच घातलं. पुढचा प्रश्न काय येणार होता? बाटलीत काय होतं, हा. तो यायच्या आत मी पाहिलं म्हणालो.

लातूरच्या डॉक्टरांना मी दुसऱ्या कुणाचं विचारल्यासारखं विचारलं होतं, ऑपरेशननंतर आठवडाभर औषध पडलंच नाही तर? ते म्हणाले, सूज राहिली असती, त्रास झाला असता. पण डोळा असा पांढरा व्हायला मुळात पेशीच कमी असाव्या लागतात. ठाम आता कुणी सांगू शकणार नाही. एवढ्या वाक्यावर मी पळत सुटलो होतो! पण त्या दिवशी कंपाउंडरसमोर मला आजार ठाऊक नव्हता. डोळा माझ्या गुलाबपाण्यानं गेला असंच मी धरून चाललो होतो, आणि तसं धरून मी तो वहिनींच्या हातावर ठेवला. यंत्रानं मायच्या डोळ्याचा उलगडा केला. 'हाव, पाह्यलं' हे जिथं होतं तिथंच आहे.

वर्गात मी पोरांना काय सांगायचो, ऐकायचंय? ही पोरं काचेवरची पेशी न बघताच पुस्तकातली आकृती वहीत उतरवून काढतात. मी वही हवेत धरून ओरडायचो, निरीक्षणाच्या खाली जे पाहिलं तेच लिहायचं! न पाहिलेलं लिहिलं तर शून्य! दरवर्षी ओरडायचो. एका पोराचं वर्ष मी त्यावरून जवळजवळ वाया घालवलं होतं.

येत्या रविवारी मी नायगावला जाणार आहे, दुपारी. सकाळी मला अक्षर लागत नाही. हेच कागद बरोबर नेणार. सुरेखा, जावई आणि बारशाला होत्या त्या सगळ्या बायकांना बोलवायला सांगितलंय. कशासाठी ते सांगितलेलं नाही. टॉवेल-टोपी घडी करून पिशवीत ठेवली आहे, ती परत द्यायची. वहिनींच्या समोर उभा राहून मी हे पहिल्या ओळीपासून वाचणार, आणि शेवटी वहीत लिहितात तसं एवढंच :

निरीक्षण. वहिनींनी मायच्या डोळ्यात दूध घातलेलं मी पाहिलं नाही. कुणीच पाहिलं नाही. बाटलीत गुलाबपाणी होतं. ते मी भरलं होतं.